छायाचित्रांची आयात व डिस्कवरील जागा : तालिका-प्रणालींच्या अंतर्गत रचनेचे एक विवेचन

शिलालेख, वीरगळ, हस्तलिखिते, जुनी दप्तरे किंवा वनस्पतींचे नमुने, विषय कोणताही असो, क्षेत्रकार्यास गेलेला आजचा विद्यार्थी परत येतो तो टिपणवहीबरोबर हजारभर छायाचित्रे घेऊन येतो. पूर्वी छत्तीस चित्रांची फिल्म संपत आली की हात आपोआप आखडता घेतला जाई. आता कार्डावर जागा असते, म्हणून एकाच शिळेची दहा छायाचित्रे घेतली जातात, आणि ती घेतली जावीत हे योग्यच आहे; कारण समोरच्या उजेडात पुसट वाटणारे अक्षर तिरप्या उजेडात उठून दिसते. अडचण येते ती पुढे. ही चित्रे लाइटरूम, डिजिकॅम, ॲपल फोटोज अशा एखाद्या तालिका-प्रणालीत घालावयास सुरुवात केली की दोनचार दौऱ्यांनंतर डिस्क भरल्याची सूचना पडद्यावर येऊ लागते, आणि मग घाईघाईने काही तरी पुसून टाकण्याचा प्रसंग ओढवतो. काय पुसावे आणि काय पुसू नये, हे ठरविण्यासाठी प्रणालीच्या पोटात काय चालते ह्याची थोडी तरी कल्पना असावी लागते. ती करून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जागा अपुरी पडते, कारण छायाचित्रांच्या फाइली मोठ्या असतात, असे सामान्यतः सांगितले जाते. हे खोटे नाही, पण त्याने प्रश्न सुटत नाही. जी चित्रे कार्डावर पंचेचाळीस गिगाबाइट जागेत मावली होती, त्यांनीच संगणकावर शंभर गिगाबाइट जागा कशी व्यापली, ह्याचे उत्तर त्यात मिळत नाही. ते उत्तर 'आयात' ह्या शब्दाच्या संदिग्धतेत आहे.

ग्रंथालयात नवे पुस्तक आले म्हणजे काय होते ते पाहावे. पुस्तक कपाटात ठेविले जाते. दाखलनोंद वहीत व तालिकेच्या कार्डावर त्याची नोंद होते. आणि कोणी फार चौकस ग्रंथपाल असेल तर मुखपृष्ठाची लहान प्रतिकृती कार्डास चिकटवितो. ह्या तीन कृती भिन्न आहेत हे तेथे कोणास सांगावे लागत नाही, कारण कपाट, वही आणि कार्ड डोळ्यांस वेगळी दिसतात. तालिका-प्रणालीत मात्र एकच कळ दाबली की ह्या तिन्ही कृती पाठोपाठ होतात आणि वापरणाऱ्यास ती एकच घटना वाटते. मूळ फाइल कोठे तरी ठेविली जाते, किंवा आहे तेथेच राहू दिली जाते. तिचा पत्ता, तारीख, विषयशब्द व तिच्यावर केलेल्या संस्काराच्या सूचना ह्यांची नोंद एका माहितीकोशात होते. लाइटरूम क्लासिकमध्ये हा कोश म्हणजे मुख्यतः एसक्यूलाइट पद्धतीची फाइल असते. आणि मूळ चित्रावरून, ते पडद्यावर चटकन दाखविता यावे म्हणून, लहानमोठ्या प्रतिकृती तयार केल्या जातात. ह्या प्रतिकृतींस 'पूर्वदर्शन' असा प्रतिशब्द सुचविता येईल, परंतु वापरणाऱ्यांच्या तोंडी 'प्रिव्ह्यू' हाच शब्द असल्यामुळे येथे तोच ठेविला आहे.

हा भेद ध्यानात न घेतल्यास काय होते, ह्याचे एक उदाहरण आमच्या जवळच्या माहितीतील आहे. ज्या संग्रहाविषयी ते आहे त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोन तालुक्यांतील वीरगळ व शिलालेख ह्यांची तीन वर्षे घेतलेली छायाचित्रे एका संगणकावर लाइटरूममध्ये ठेविलेली होती. डिस्क भरली, तेव्हा जागा करण्याचे काम एका तरुण साहाय्यकाकडे आले. त्याने शोध घेता वर्षवार लावलेल्या फोल्डरांत सुमारे चारशे गिगाबाइट सापडले. प्रणाली उघडून पाहावे तो सर्व चित्रे तेथे दिसतच होती. त्याने सरळ अनुमान केले की चित्रे आता प्रणालीच्या 'आत' गेली आहेत आणि हे फोल्डर म्हणजे कार्डावरून उतरविलेला जुना माल आहे. फोल्डर पुसले गेले, कचरापेटीही रिकामी झाली. प्रणालीत चित्रे दिसत राहिली, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक लहानसे उद्गारचिन्ह आले, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. चार महिन्यांनी एका निबंधासाठी शिलालेखाची एक ओळ मोठी करून पाहण्याची वेळ आली, तेव्हा मूळ फाइल सापडत नसल्याचा निरोप आला.

त्यानंतर जे आढळले ते अधिक बोधप्रद आहे. आयातीच्या वेळी दुसरी प्रत ठेवण्याची सोय सुरू होती. पण ती दुसरी प्रतही त्याच डिस्कवर जात असे आणि वर्षभरापूर्वीच्या अशाच एका टंचाईत ती काढून टाकण्यात आली होती. तालिकेच्या बॅकअपच्या बावीस प्रती मात्र सुरक्षित होत्या; त्यांत एकही छायाचित्र नव्हते, कारण तालिकेच्या बॅकअपमध्ये नोंदी असतात, चित्रे नसतात. उरले ते प्रिव्ह्यू. नुकतीच हाताळलेली काही चित्रे पूर्ण आकाराच्या प्रिव्ह्यूच्या रूपाने शिल्लक होती आणि त्यांवरून बऱ्यापैकी जेपेग फाइली काढता आल्या. परंतु पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू अखेरच्या वापरानंतर तीस दिवसांनी काढून टाकावेत अशी योजना ठेविलेली असल्यामुळे, ज्या शिळांकडे कोणी फारसे वळले नव्हते त्यांचे मध्यम आकाराचे प्रिव्ह्यू तेवढे राहिले. त्यांत शिळा दिसते, घोडेस्वार दिसतो, वरचे शिवलिंगही दिसते. खालची अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांतील काही शिळा दरम्यान मूळ जागी राहिल्या नव्हत्या.

साहाय्यकास दोष देणे सोपे आहे. वस्तुतः त्याने केलेले अनुमान 'आयात' ह्या शब्दावरून कोणीही करील असेच होते. म्हणून आता आयातीच्या खिडकीकडे वळू.

लाइटरूम क्लासिकमध्ये ही खिडकी उघडली की माथ्यावर चार पर्याय दिसतात : कॉपी ॲज डीएनजी, कॉपी, मूव्ह आणि ॲड. जागेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथे होतो आणि नेमका तोच बहुधा न वाचता घेतला जातो. 'ॲड' निवडल्यास मूळ फाइल आहे तेथेच राहते. फक्त नोंद व प्रिव्ह्यू निर्माण होतात. 'मूव्ह'मध्ये फाइल नव्या जागी जाते व जुन्या जागेवरून नाहीशी होते. 'कॉपी'मध्ये नवी प्रत होते आणि जुनी तशीच राहते. कॅमेऱ्याच्या कार्डावरून आयात करताना प्रत करणारे दोनच पर्याय उपलब्ध असतात, आणि ते रास्त आहे. कार्ड हे तात्पुरते साधन असल्याने मूळ फाइली तेथेच राहू देणे निरर्थक, आणि प्रत नीट उतरली की नाही हे पाहण्यापूर्वी त्या तेथून हलविणे धोक्याचे.

घोटाळा होतो तो मधल्या पायरीमुळे. अनेकांना कार्डावरील फाइली प्रथम डेस्कटॉपवर उतरवून घेण्याची सवय असते. मग त्या डेस्कटॉपवरील फोल्डरातून 'कॉपी' पर्यायाने आयात केली जाते. आता त्याच डिस्कवर प्रत्येक चित्र दोनदा आहे, आणि दोहोंपैकी एकाची तालिकेस खबरच नाही. जागेच्या ज्या तक्रारी आमच्याकडे आल्या, त्यांतील मोठा भाग ह्या एका सवयीतून निघालेला होता. डेस्कटॉपवर उतरविण्याची सवय मोडत नसेल तर निदान आयात 'मूव्ह' किंवा 'ॲड' पर्यायाने करावी. 'ॲड' निवडावयाचे असल्यास फोल्डर आधी त्याच्या कायमच्या जागी, कायमच्या नावाने नेऊन ठेवावा. डेस्कटॉप ही कायमची जागा नव्हे.

'कॉपी ॲज डीएनजी'विषयी मतभेद आहेत. डीएनजी हा ॲडोबी कंपनीने २००४ साली प्रसिद्ध केलेला, रॉ फाइलींसाठीचा उघडा आराखडा आहे. त्यात माहिती न गमावता दाबून भरता येते, म्हणून काही कॅमेऱ्यांच्या फाइली रूपांतरानंतर लहान होतात. कॅमेरा मुळातच चांगले दाबून ठेवीत असेल तर फारसा लाभ होत नाही. मूळ रॉ फाइल डीएनजीच्या आत जडवून ठेवण्याची एक सोय आहे. ती निवडल्यास आकार जवळजवळ दुप्पट होतो आणि रूपांतराचा जागेसंबंधीचा हेतू हरपतो. हानियुक्त डीएनजी हा आणखी एक प्रकार आहे. तो खरोखरच लहान असतो, पण त्यात गेलेली माहिती परत येत नाही. शिलालेखांच्या चित्रांस तो वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्याच खिडकीत दोन लहान चौकटी आहेत. एक, संशयित दुबार चित्रे आयात न करण्याची. फाइलीचे मूळ नाव, चित्र घेतल्याची तारीख व वेळ, आणि फाइलीचा आकार ही तिन्ही जुळली तर प्रणाली चित्र दुबार मानते. म्हणजे चित्राच्या आशयाची तुलना येथे होत नाही. दुसऱ्या एखाद्या साधनाने मधल्या काळात फाइलीचे नाव बदलले असेल तर तीच चित्रे पुन्हा सुखेनैव आत येतात. दुसरी चौकट म्हणजे उपर्युक्त दुसऱ्या प्रतीची. ही प्रत आयातीच्या क्षणी होते व तशीच राहते. पुढे केलेले संस्कार, विषयशब्द किंवा वगळणूक ह्यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. आपण शंभर निरुपयोगी चित्रे काळजीपूर्वक पुसली तरी दुसऱ्या प्रतीत ती शंभरच्या शंभर असतात. ती वेगळ्या डिस्कवर जात असेल तर काही काळापुरती उत्तम सोय. त्याच डिस्कवर जात असेल तर जागेचा निव्वळ अपव्यय, कारण डिस्क बिघडली की दोन्ही प्रती एकदमच जातात.

आणखी एक छुपा खर्च आहे. कॅमेऱ्यात रॉ व जेपेग दोन्ही ठेवण्याची मांडणी असेल आणि प्रणालीच्या प्राधान्यक्रमांत जेपेगला स्वतंत्र चित्र मानण्याची सूचना दिलेली नसेल, तर लाइटरूममध्ये जोडीचे एकच चित्र दिसते. जेपेग मात्र डिस्कवर उतरतेच. दर चित्रामागे काही मेगाबाइट जागा अशा रीतीने नजरेआड खर्ची पडते.

आता आकड्यांकडे येऊ. चोवीस मेगापिक्सेलच्या संवेदकावर ६००० × ४००० म्हणजे २,४०,००,००० बिंदू असतात. रॉ फाइलीत प्रत्येक बिंदूचे एकाच रंगाचे मूल्य नोंदलेले असते. चौदा बिटांची नोंद धरली तर न दाबलेली फाइल ४२ मेगाबाइट होते; दाबल्यावर ती सुमारे २५ ते ३० मेगाबाइट भरते. तीच फाइल उघडून १६ बिटांच्या टिफ स्वरूपात ठेविली की प्रत्येक बिंदूस तीन रंग आणि प्रत्येक रंगास दोन बाइट लागतात, आणि न दाबलेली फाइल १४४ मेगाबाइट होते. चित्रात नवे काहीही आलेले नसते, तरी जागा पाचपट लागते. थर ठेवून काम केले तर ती याहूनही वाढते. म्हणून प्रणालीतल्या प्रणालीत होणारे संस्कार, जे केवळ सूचनांच्या रूपाने नोंदले जातात, ते जागेच्या बाबतीत जवळजवळ फुकट असतात. तर 'दुसऱ्या कार्यक्रमात संपादन करा' ही आज्ञा दर वेळी एक अवजड टिफ मागे ठेवून जाते. लाइटरूममधील आभासी प्रतींचेही तसेच. एका चित्राच्या दहा आभासी प्रती केल्या तरी मूळ फाइल एकच राहते.

प्रिव्ह्यूंचा हिशेब थोडा निराळा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. लाइटरूममध्ये प्रत्येक चित्राच्या प्रतिकृती मनोऱ्यासारख्या रचलेल्या असतात : पूर्ण आकाराची एक जेपेग, तिच्या निम्म्या लांबीरुंदीची दुसरी, तिच्याही निम्मीची तिसरी, याप्रमाणे. लांबी व रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ चतुर्थांश होते. तेव्हा सर्वांची बेरीज १ + १/४ + १/१६ + … अशी भूमितीय श्रेढी होते आणि ती कितीही लांबविली तरी ४/३ च्या पुढे जात नाही. अर्थ असा की, जागा खाते ते मनोऱ्याचे सर्वांत खालचे दालन. वरची सर्व दालने मिळून त्याच्या एकतृतीयांशाहून अधिक जागा घेत नाहीत. पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू काढून मध्यम ठेवणे ह्या उपायात एवढी जागा का सुटते, आणि लहान प्रतिकृती पुसण्याचा खटाटोप का व्यर्थ असतो, हे ह्यावरून ध्यानात येईल.

पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू एक दिवस, एक आठवडा किंवा तीस दिवसांनी आपोआप जावेत, अथवा कधीच जाऊ नयेत, असे तालिकेच्या मांडणीत ठरविता येते. निवडक चित्रांचे तेवढेच काढावयाचे असल्यास त्यासाठी वेगळी आज्ञाही आहे. मूळ फाइली जागेवर असतील तर ह्यात कोणताही धोका नाही. पुन्हा लागले की संगणक ते पुन्हा करील. आपला वेळ जाईल, इतकेच. प्रणालीबाहेर जाऊन प्रिव्ह्यूंचे संपूर्ण फोल्डरच पुसले तरी ते पुन्हा निर्माण होते, परंतु मूळ फाइली ज्या डिस्कवर आहेत ती त्या वेळी जोडलेली असली पाहिजे. कपाटात ठेवलेल्या बाह्य डिस्कवरील चित्रांचे प्रिव्ह्यू पुसले की ती डिस्क जोडेपर्यंत तालिकेत करड्या चौकटीच दिसतील.

ह्याशिवाय स्मार्ट प्रिव्ह्यू नावाचा प्रकार २०१३ साली लाइटरूमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. ही लांब बाजूस २५६० बिंदूंची, हानियुक्त डीएनजी पद्धतीची लहान फाइल असते. मूळ फाइल दूर असतानाही तिच्यावर संस्कार करता येतात आणि मूळ डिस्क जोडल्यावर ते तिला लागू होतात. एका फाइलीस मेगाबाइटभर, क्वचित थोडी अधिक जागा लागते. लहान डिस्कचा लॅपटॉप घेऊन दौऱ्यावर जाणाऱ्यास हा प्रकार फार उपयोगी आहे. पण ती मूळ चित्राची जागा घेऊ शकत नाही. वर सांगितलेल्या प्रसंगात हे प्रिव्ह्यू असते तरीही अक्षरे वाचता आली असती अशी खात्री देता येत नाही. कॅमेरा रॉचा तात्पुरता साठा तर याहूनही गौण. त्याची कमाल मर्यादा प्राधान्यक्रमांत ठरविता येते व तो केव्हाही रिकामा करता येतो.

एका कल्पित दौऱ्याचा ताळेबंद मांडून पाहू. १२०० चित्रे, रॉ प्रत्येकी २८ मेगाबाइट म्हणजे ३३.६ गिगाबाइट, जोडीची जेपेग प्रत्येकी १० मेगाबाइट म्हणजे १२ गिगाबाइट. कार्डावर ४५.६ गिगाबाइट. दुसरी प्रत त्याच डिस्कवर, आणखी ४५.६. पूर्ण प्रिव्ह्यूचा मनोरा प्रत्येकी सुमारे पावणेसात मेगाबाइट धरला तर ८. स्मार्ट प्रिव्ह्यू दीड. बेरीज शंभराच्या वर जाते. निबंधासाठी पन्नास चित्रांच्या टिफ केल्या की आणखी सव्वासात. ह्यांपैकी ज्यांवाचून संग्रह बुडेल अशी जागा फक्त ३३.६ गिगाबाइटची आहे आणि तालिकेची स्वतःची फाइल, जी ह्या हिशेबात नगण्य आहे, ती. बाकीचे एक तर पुन्हा करता येते किंवा दुसऱ्या डिस्कवर असावयास हवे होते. टिफांचे मात्र तारतम्याने पाहावे. ज्या टिफवर हाताने चार तास काम झाले आहे ती यंत्राने पुन्हा होणारी वस्तू नाही.

पुसण्याची क्रियाही दिसते तेवढी सरळ नाही. लाइटरूममध्ये चित्र निवडून ते काढू लागले की प्रणाली विचारते : केवळ तालिकेतून काढावयाचे की डिस्कवरूनही? पहिला पर्याय निवडला तर नोंद जाते, फाइल राहते. एक बाइटही जागा सुटत नाही, उलट ती फाइल आता अनाथ होते आणि पुढे कोणास सापडली तर तिचे काय करावे हे कळत नाही. चित्र एखाद्या कलेक्शनमध्ये पाहत असताना साधी पुसण्याची कळ दाबली तर ते त्या कलेक्शनमधून तेवढे जाते. निरुपयोगी चित्रांवर आधी नकाराची खूण करीत जावे, काही दिवसांनी ती सर्व एकदा डोळ्यांखालून घालावीत आणि मग डिस्कवरून काढावीत, हा क्रम आम्हांस सोयीचा वाटतो. डिस्कवरून काढलेली फाइल साधारणतः कचरापेटीत जाते व पेटी रिकामी केल्यावरच जागा मोकळी होते. विंडोजवर नेटवर्कवरील फोल्डरातून पुसलेली फाइल मात्र पेटीत न जाता थेट जाते, हे विभागाच्या सामाईक साठ्यावर काम करणाऱ्यांनी विसरू नये. मॅकवर टाइम मशीनचे स्थानिक स्नॅपशॉट असल्यास पेटी रिकामी केल्यानंतरही काही तास जागा वाढलेली दिसत नाही. त्यामुळे घाबरून आणखी काही पुसू लागणे हा त्यातील खरा धोका.

डिजिकॅम ही मुक्त प्रणाली आपल्याकडील विभागांस परवडणारी असल्याने तिचा वेगळा उल्लेख करणे अवश्य आहे. तीत एखादे फोल्डर संग्रह म्हणून जोडले की मूळ फाइली हलत नाहीत. माहितीकोश व लघुचित्रांचा कोश तेवढे तयार होतात. प्रत होते ती कार्डावरून उतरविताना. तिची स्वतःची कचरापेटी असते. प्रत्येक संग्रहाच्या मुळाशी एका लपलेल्या फोल्डरात पुसलेली चित्रे जाऊन पडतात, म्हणून संगणकाची पेटी रिकामी करूनही जागा वाढत नाही. डिजिकॅमची पेटी डिजिकॅममध्ये जाऊनच रिकामी करावी लागते. ॲपल फोटोजची प्रकृती उलट आहे. तेथे चित्रे आपल्या भांडारात उतरवून घेणे हीच मूळ मांडणी असते. म्हणजे आमच्या उदाहरणातील साहाय्यकाचे अनुमान फोटोजच्या बाबतीत खरे ठरले असते! दोन प्रणाली, एकच शब्द, आणि अर्थ परस्परविरुद्ध. म्हणून कोणत्याही प्रणालीत एखादे फोल्डर पुसण्यापूर्वी तालिकेतील एका चित्रावर जाऊन 'ही फाइल डिस्कवर कोठे आहे ते दाखवा' ही आज्ञा द्यावी आणि उत्तरादाखल कोणते फोल्डर उघडते ते पाहावे. ह्या तपासणीस अर्धा मिनिट लागतो.

फोटोजसंबंधी एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०१५ साली ती प्रणाली आली तेव्हा जुन्या आयफोटोच्या भांडारावरून नवे भांडार तयार होई. दोन्ही भांडारांचे आकार पाहिले तर जागा दुप्पट लागल्यासारखी दिसे. प्रत्यक्षात फाइली एकच होत्या, नावे दोन होती. हार्ड लिंक नावाच्या सोयीने दोन्ही भांडारे त्याच बाइटांकडे बोट दाखवीत. अनेकांनी जागा सुटेल म्हणून जुने भांडार पुसले आणि जागा फारशी सुटली नाही.

मापनातील असे भ्रम आणखीही आहेत. एक टेराबाइट म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइटांची दिसते, कारण उत्पादक दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. मॅकने २००९ पासून दशमान पद्धतच स्वीकारली आहे, त्यामुळे तीच डिस्क दोन संगणकांवर दोन आकड्यांची दिसते. अधिक उपयोगी गोष्ट म्हणजे लहान फाइलींची. रॉ चित्राशेजारी एक्सएमपीची छोटी फाइल ठेवण्याची पद्धत आहे. तीत विषयशब्द व संस्कार साठतात. आठ किलोबाइटांच्या अशा वीस हजार फाइली म्हणजे वस्तुतः १६० मेगाबाइट. पण मोठी बाह्य डिस्क एक्सफॅट पद्धतीने आखली असेल तर विंडोजच्या सामान्य मांडणीत सर्वांत लहान खाना १२८ किलोबाइटांचा असतो, आणि त्याच फाइली अडीच गिगाबाइटांहून अधिक जागा अडवितात. फाइलीच्या गुणधर्मांत 'आकार' आणि 'डिस्कवरील आकार' असे दोन आकडे वेगळे का दाखविले जातात, त्याचे कारण हेच. एक्सएमपी फाइली तरीही ठेवाव्यात. तालिका बिघडली तर विषयशब्द त्यांतूनच परत मिळतात.

राहता राहिला प्रश्न कोणती गोष्ट कोठे ठेवावी ह्याचा. तालिका व प्रिव्ह्यू संगणकाच्या आतील वेगवान डिस्कवर आणि मूळ चित्रे मोठ्या बाह्य डिस्कवर, ही विभागणी सर्वसाधारणपणे चांगली. लाइटरूमची तालिका नेटवर्कवरील डिस्कवर ठेवून उघडता येत नाही. चित्रे मात्र तेथे ठेवता येतात. डिजिकॅमचा एसक्यूलाइट कोशही आतील डिस्कवरच असावा; अनेकांना एकत्र काम करावयाचे असल्यास तिच्यात मारियाडीबीची सोय आहे. जुन्या फाइली बाह्य डिस्कवर हलवावयाच्या तर त्या प्रणालीच्या फोल्डर-यादीतूनच हलवाव्यात, म्हणजे नोंदीतील पत्ता आपोआप बदलतो. दोन-तीनशे गिगाबाइट हलवावयाचे असतील तर आम्ही वेगळा मार्ग पत्करतो : प्रणाली बंद करून फोल्डराची प्रत नव्या डिस्कवर करावी, फाइलींची संख्या व एकूण आकार जुळवावा, मग जुन्या फोल्डराचे नाव तात्पुरते बदलून प्रणाली उघडावी व हरवलेल्या फोल्डराचा नवा पत्ता तिला दाखवावा. सर्व चित्रे सापडली, दहावीस चित्रे पूर्ण आकारात उघडून पाहिली, मूळ चित्रांची आणखी एक प्रत तिसऱ्या ठिकाणी असल्याची खात्री झाली, म्हणजे जुने फोल्डर काढावे. मध्ये वीज गेली तरी ह्या रीतीत काही बिघडत नाही.

वर वर्णिलेल्या संग्रहाचे पुढे काय झाले, अशी पृच्छा होणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या मूळ फाइली गेल्या, त्यांच्या नोंदी तालिकेतून काढलेल्या नाहीत. गाव, तारीख, शिळेचे वर्णन आणि मध्यम आकाराचे प्रिव्ह्यू त्या नोंदींशी जोडलेले आहेत. त्या सर्वांना 'मूळ नष्ट' असा विषयशब्द देण्यात आला असून, त्या शब्दावर शोध घेऊन तयार केलेली गाववार यादी आता दर दौऱ्यास बरोबर नेली जाते. जी शिळा अद्याप उभी आहे तिचे छायाचित्र पुन्हा घेतले जाते, आणि नवे चित्र आयात झाले की जुन्या नोंदीवरील तो शब्द काढला जातो.